नवं मशीन, इनसायडर बिल्ड आणि रोजचा हिरवा स्क्रीन : दोष कुणाचा?

मेढेकोट | २१ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला म्हणून यंदा डेस्कटॉप जोडून घेतला. प्रोसेसर रायझन ५ ७६००, मदरबोर्ड बी६५०, डीडीआर५ रॅम ६४ जीबी (१६ च्या चार स्टिक), १ टीबी एनव्हीएमई डिस्क. गेम खेळत नाही, म्हणून वेगळं ग्राफिक कार्ड नाही. ६४ जीबी कशाला हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे, इथे नको. मला व्हर्च्युअल मशीनमध्ये नाना सिस्टिम चालवून बघायची खोड आहे.

विंडोज ११ टाकलं, आणि दुसऱ्याच दिवशी इनसायडर प्रोग्रॅममध्ये (विंडोजची कच्ची बिल्ड, म्हणजे आवृत्त्या, आधीच वापरून बघायची मायक्रोसॉफ्टची योजना) नाव नोंदवून डेव्ह चॅनल घेतलं, म्हणजे त्यातलीही बरीच कच्ची शाखा. तिथून वनवास सुरू. दिवसातून दोनतीनदा हिरवा स्क्रीन येऊन मशीन रीस्टार्ट होतं. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल' की काय ते. ब्राउझरचे टॅब बसल्या जागी मरतात. काल मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल खराब असल्याची खूण) आली, तीच फाइल पाच मिनिटांनी पुन्हा उघडली तर सुरळीत.

रॅमवर संशय नको, विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवून झालंय, काही सापडलं नाही. फीडबॅक हबवर (मायक्रोसॉफ्टला तक्रारी कळवायचं ॲप) आतापर्यंत नऊ तक्रारी टाकल्यात. प्रश्न एवढाच: हे बिल्ड इतरांनाही असंच छळतंय का? बीटा चॅनलवर जावं का?

उकडीचा | २१ जानेवारी, रात्री ११:२२

मशीन कुठल्या तारखेला जोडलंत?

मेढेकोट | २१ जानेवारी, रात्री ११:२५

१५ ला. का?

उकडीचा | २१ जानेवारी, रात्री ११:२६

किंक्रांत. करिदिनाला मशीन जोडायचं आणि मग मायक्रोसॉफ्टला नऊ पत्रं लिहायची. (हलके घ्या.)

पहिलटकर | २१ जानेवारी, रात्री ११:४१

माझा बाळबोध प्रश्न. स्क्रीन निळा येतो ना? हिरवा आला म्हणजे डिस्प्ले गेला असेल का?

भाजणी | २२ जानेवारी, पहाटे ४:०५

नाही, इनसायडर बिल्डचा स्क्रीन हिरवाच असतो, मुद्दाम. कुणी फोटो काढून पाठवला की रंगावरूनच कळावं की हे अजून प्रसिद्ध न झालेलं बिल्ड आहे. (माझ्याकडे आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पहाटे उठून प्रतिसाद देण्याइतकी मी बिघडलेली नाही.)

मेढेकोट, तुमच्या यादीतच उत्तर आहे असं मला वाटतं. दोष सॉफ्टवेअरचा असला की तो हट्टी असतो. तोच ड्रायव्हर, तोच कोड, बहुधा तेच काम करताना. तुमच्याकडे तीन वेळा तीन कोड, वर ब्राउझर मरतोय, वर झिप एकदा फाटकी आणि एकदा धड. तीच फाइल, तीच डिस्क, तोच प्रोग्रॅम, आणि निकाल वेगळा. असा लहरीपणा बिल्डपेक्षा रॅमला जास्त शोभतो.

घरबसल्या एक परीक्षा घ्या. एखादी दहावीस जीबीची आयएसओ फाइल घ्या आणि पॉवरशेलमधल्या (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) गेट-फाइलहॅशने तिचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, पाच वेळा काढा. पाचही वेळा अक्षर न् अक्षर तेच यायला हवं. एकदा जरी वेगळं आलं तरी इनसायडरचं नाव काढू नका.

स्क्रूड्रायव्हर | २२ जानेवारी, सकाळी ९:१५

ताईंशी सहमत. मी सांगलीत हेच काम करतो, रोज एक तरी असं मशीन टेबलावर येतं. तीन प्रश्न.

चारही स्टिक एकाच पाकिटातून आल्या का, की दोन-दोनची दोन पाकिटं? बायोसमध्ये एक्सपो (रॅम पाकिटावरच्या वेगाने पळवायची सेटिंग) चालू आहे का आणि वेग किती दाखवतो? पहिल्यांदा चालू केलं तेव्हा स्क्रीन किती वेळ काळा होता?

आणि स्टिक काढून सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा. निम्मी मशीनं त्यानेच बरी होतात.

जुना_फ्लॉपी | २२ जानेवारी, सकाळी १०:४०

खोडरबर! डोळे पाणावले.

पण भाऊ, तो उपाय पाच वर्षं धूळ खाल्लेल्या रॅमचा. आठवड्यापूर्वी पाकिटातून निघालेल्या स्टिकला खोडरबर लावून मुलामा कशाला घासायचा? फार तर आयसोप्रोपिलचा बोळा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्टिक नीट बसलीय का, खटका वाजला का, ते बघणं.

मेढेकोट, तुमच्यावरून माझा २००९ सालचा गाढवपणा आठवला. जानेवारीत विंडोज ७ ची बीटा सगळ्यांसाठी खुली झाली होती, बिल्ड ७०००. मी लॅमिंग्टन रोडवरून नवं मशीन जोडून आणलेलं, त्या काळी ४ जीबी रॅम म्हणजे जहागिरी. बीटा टाकली आणि बघतो तर वापरण्याजोगी रॅम ३.२५ जीबी. माझी खात्रीच पटली, एक तर बीटा लंगडी आहे नाहीतर दुकानदाराने हात मारलाय. भर दुपारी ठाण्याहून लोकलने मशीन घेऊन गेलो आणि काउंटरवर भांडलो. त्या पोराने शांतपणे विचारलं, 'काका, ३२ बिट टाकलंय का?'

३२ बिटांत पत्ते मिळून ४ जीबीचेच. त्यातलेच पत्ते ग्राफिक कार्ड आणि इतर उपकरणांना द्यावे लागतात, उरतात ते रॅमला. बीटा निर्दोष, रॅम निर्दोष, दुकानदार निर्दोष. ६४ बिटची डीव्हीडी टाकली आणि चारच्या चार जीबी दिसायला लागल्या. परतीचं लोकलचं भाडं हीच काय ती शिक्षा.

त्या बीटात खरा दोष होताच, पण भलतीकडे. एमपीथ्री फाइलची माहिती बदलली तर गाण्याचे सुरुवातीचे काही सेकंद कापले जाऊ शकत. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली आणि आधी एमपीथ्रींची प्रत काढून ठेवा असं बजावलं. ते वाचून मी नाट्यसंगीताच्या सगळ्या सीड्या पुन्हा जाळून ठेवल्या होत्या. नांदीचाच षड्ज कापला गेला तर राहिलं काय!

पहिलटकर | २२ जानेवारी, सकाळी १०:५८

वाचनखूण साठवली. फ्लॉपीकाका, ती बीटा पुढे किती दिवस चालली?

जुना_फ्लॉपी | २२ जानेवारी, सकाळी ११:२०

बीटानंतर मे महिन्यात आरसी (रिलीज कँडिडेट, पक्कीच्या आधीची आवृत्ती) आली, बिल्ड ७१००, ती मी वर्षभर वापरली. तिला मुदत होती. १ मार्च २०१० पासून दर दोन तासांनी मशीन आपणहून बंद व्हायचं आणि १ जूनला कायमचा राम. आमच्या शेजाऱ्याने शेवटपर्यंत ती काही बदलली नाही, दोन तासांची शिफ्ट लावून टायपिंग करायचा.

मेढेकोट | २२ जानेवारी, रात्री ९:३०

भाजणीताई, तुमची परीक्षा घेतली. पाचांपैकी चार हॅश सारखे, तिसरा वेगळा. पुन्हा पाच काढले, त्यात दोन वेगळे. मी जरा बसूनच राहिलो.

स्क्रूड्रायव्हर भाऊ: दोन पाकिटं, मॉडेल नंबर एकच. आधी ३२ घेतली होती, मग दुकानात म्हणाले की आणखी दोन लावा, धावतील. एक्सपो चालू, ६०००. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा स्क्रीन बराच वेळ काळा होता, मी घाबरून दोनदा बटण दाबून बंद केलं. तिसऱ्यांदा चहा करायला गेलो, आलो तोवर लागलेलं होतं.

पण मग विंडोजच्या डायग्नोस्टिकला काहीच कसं सापडलं नाही?

स्क्रूड्रायव्हर | २२ जानेवारी, रात्री १०:१५

आता कळलं.

आधी काळ्या स्क्रीनचं. डीडीआर५ वर पहिल्यांदा चालू करताना प्रोसेसर रॅमशी जुळवून घेतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. चार स्टिक असल्या की काही मिनिटं जातात. त्या वेळात बटण दाबायचं नसतं, चहाच करायचा असतो. माझ्याकडे 'बोर्ड मेला' म्हणून आलेली मशीनं मी टेबलावर ठेवून नुसती चालू करतो आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो.

आता मुख्य. तुमच्या प्रोसेसरसाठी एएमडीने लिहून दिलेला वेग असा: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. बरोबर वाचलंत, ३६००. पाकिटावरचे ६००० हा रॅम कंपनीचा आकडा, आणि तोही त्या पाकिटातल्या दोन स्टिकपुरता. एक्सपो म्हणजे ठरवून केलेलं ओव्हरक्लॉकिंग. दोन पाकिटं एकत्र लावलीत तिथे ते आश्वासन संपलं. मॉडेल नंबर तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. आणि एकेका वाहिनीवर दोन स्टिक लटकल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर भार पडतो तो वेगळाच. रॅम खराब असेलच असं नाही, ती झेपेल त्याहून जोरात पळवली जातेय.

डायग्नोस्टिकचं म्हणाल तर ते आपणहून मधली परीक्षा घेतं आणि थोडक्यात सोडून देतं. चालू असताना एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडता येतं, पण मी त्या वाटेला जात नाही. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाका. फुकट आहे, २०२२ मधल्या ६ व्या आवृत्तीपासून यूईएफआयवर, म्हणजे नव्या धर्तीच्या बायोसवर, चालतं. एक पास, म्हणजे तपासणीची एक फेरी, झाला म्हणून उठू नका, रात्रभर ठेवा.

क्रम असा. आधी आहे तसंच, एक्सपो चालू ठेवून चारही. चुका आल्या तर एक्सपो बंद करून चारही. तरी आल्या तर एकेक स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२. एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईघाईत स्टिकही हलवली आणि बायोसही बदललं तर बरं कशाने झालं ते कळत नाही.

भाजणी | २३ जानेवारी, पहाटे ३:५०

थांबा! पेनड्राइव्हवरून चालू करण्यासाठी सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) बंद करावं लागेल, त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलुपाची, रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या नव्या मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते, आणि सिक्युअर बूट बदललं की ती ४८ अंकी की मागते. ती की खात्यावर असते, आणि खात्याचा पासवर्ड बहुतेकांच्या त्याच मशीनमध्ये असतो.

आणि तोवर त्या मशीनवरून काहीही कॉपी करू नका.

उकडीचा | २३ जानेवारी, सकाळी ८:३०

डीडीआर५ मध्ये तर ईसीसी (चुका पकडून सुधारायची सोय) असतं म्हणे. मग चुका आपोआप सुधारायला नकोत?

स्क्रूड्रायव्हर | २३ जानेवारी, सकाळी ९:०५

ते चिपच्या पोटातलं ईसीसी. चिपमध्ये साठवलेला बिट उलटला तर तो सुधारतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यावर बिट पडला तर त्याला पत्ताही नसतो. मेढेकोट भाऊंचा अपघात रस्त्यावरचा दिसतोय. पूर्ण वाटेवर पहारा हवा असेल तर सर्व्हरवाली ईसीसी रॅम लागते, ती वेगळी आणि महाग.

मेढेकोट | २५ जानेवारी, सकाळी ७:४०

दोन रात्रींचा हिशोब.

पहिली रात्र, चार स्टिक, एक्सपो ६०००: अकराव्या मिनिटाला पहिली चूक. सकाळी आकडा चारशेच्या वर.

दुसरी रात्र, एक्सपो बंद. बोर्डाने आपणहून ३६०० लावलं. सकाळपर्यंत चार पास, चुका शून्य. त्यानंतर त्याच आयएसओचे वीस हॅश काढले, वीसही सारखे. बिल्ड तेच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. कालपासून हिरवा स्क्रीन नाही.

बिचाऱ्या डेव्ह चॅनलची माफी मागतो.

सप्तरंगी_केबल | २५ जानेवारी, दुपारी १२:१०

अभिनंदन. पण इथे एक वेगळा सूर लावतो. आता कुणीही बीटाबद्दल कुरकुरला की 'आधी रॅम तपासा' म्हणून त्याला गप्प करायची पद्धत पडेल, ती नको. २०२४ चं एक्सझेड (लिनक्समधलं फाइली दाबून लहान करायचं साधन) प्रकरण आठवा. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवाला डेबियन लिनक्सच्या अस्थिर, म्हणजे कच्च्या, शाखेवर काम करत होता. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याआधी व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं साधनही कुरकुरलं होतं. 'चालायचंच, अस्थिर शाखा आहे' म्हणून त्याने सोडून दिलं असतं तर? तो मागे लागला आणि एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ मध्ये कुणी तरी मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. उबुंटू लिनक्सच्या २४.०४ ची बीटा त्यापायी आठवडाभर पुढे गेली, ४ एप्रिलची ११ ला आली. आपल्यासारखे उपद्व्यापी लोक कच्च्या आवृत्त्या वापरतात म्हणून ते घाण पाणी पक्क्या आवृत्त्यांपर्यंत पोचलं नाही.

भाजणी | २५ जानेवारी, संध्याकाळी ६:२५

अगदी मान्य. पण फ्रॉइंडने काय केलं तेही बघा. त्याने मोजलं. मशीन विश्वासाचं होतं म्हणून अर्ध्या सेकंदाचा फरक त्याला दिसला. मेढेकोटांच्या आठवड्यापूर्वीच्या मशीनवर तो दिसला असता का? तिथे टॅबच मरत होते.

मी कामाच्या ठिकाणी रोज बाहेरून आलेल्या तक्रारी चाळते, म्हणून हे मनाला लागतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ आवृत्ती आली, २ तारखेला. काही लोकांच्या डॉक्युमेंट्स वगैरे फोल्डरमधल्या फाइली गेल्या. चार दिवसांत वितरण थांबवावं लागलं आणि ती पुन्हा आली १३ नोव्हेंबरला. इनसायडर लोकांनी हा दोष आधीच कळवलेला होता, पण मोजक्या मतांच्या त्या नोंदी ढिगात वर आल्या नाहीत. मग फीडबॅक हबमध्ये 'किती गंभीर' हे लिहायची सोय केली गेली.

मेढेकोट, राग मानू नका, पण तो ढीग आपणच घालतो. नवं मशीन आणि नवं बिल्ड एकाच आठवड्यात घेतलं की कोण चुकतंय ते आपल्यालाच कळत नाही, आणि तरी आपण तक्रार पाठवतो. तुमच्या त्या नऊ नोंदी पलीकडे कुणी तरी उघडणार, आपल्या मशीनवर करून बघणार, त्याला काही दिसणार नाही. त्या वेळात एखादी खरी नोंद खाली दबून राहणार. आधी पक्की आवृत्ती टाकून आठवडाभर मशीन दामटवायचं, रात्रभर मेमटेस्ट, आणि मग कच्चं बिल्ड. मी तरी असंच करते.

मेढेकोट | २५ जानेवारी, रात्री १०:५०

राग कसला. आत्ताच नऊही नोंदींखाली लिहून आलो: 'रॅम चार स्टिकवर ६००० ने चालवत होतो, ३६०० केल्यावर हे पुन्हा घडलेलं नाही, दुर्लक्ष करावं.' सहाव्या नोंदीला दोघांनी मत दिलेलं होतं. आता वाटतंय, त्यांचीही रॅम बघायला हवी.

ताई, तुम्ही 'कॉपी करू नका' म्हणालात तिथेच अडकलोय. मी केलेली आहे. १६ तारखेला घरचे सगळे फोटो जुन्या हार्डडिस्कवरून या मशीनवर आणले. आणि ती जुनी डिस्क या रविवारी फॉरमॅट करून मेहुण्याला द्यायची ठरली होती.

भाजणी | २५ जानेवारी, रात्री ११:०२

डिस्क आत्ता काढून कपाटात ठेवा. आत्ता.

फाइल कॉपी होते ती रॅममधून. डिस्कवरून वाचलेलं आधी रॅममध्ये येतं आणि तिथून दुसरीकडे लिहिलं जातं. मध्येच बिट उलटला तर उलटलेलाच लिहिला जातो, कुठलीही एरर न येता. फाइलचं नाव तेच, आकार तोच, तारीख तीच. त्यामुळे नुसता आकार जुळवून उपयोग नाही. मशीन रीस्टार्ट करून, ३६०० वरच, दोन्हीकडच्या सगळ्या फाइलींचे हॅश काढा आणि याद्या ताडून बघा.

जुना_फ्लॉपी | २५ जानेवारी, रात्री ११:३०

मेहुण्याला काय सांगायचं ते मी सांगतो. रविवारी अमावस्या आहे म्हणा.

उकडीचा | २५ जानेवारी, रात्री ११:३४

काका, रविवारी प्रजासत्ताक दिन आहे.

मेढेकोट | २६ जानेवारी, रात्री ८:१५

याद्या ताडून झाल्या. ११,४०० च्या आसपास फाइली, जुळल्या नाहीत त्या सात. पाच उघडून बघितल्या तरी मला फरक दिसत नाही. एक व्हिडिओ मध्येच क्षणभर चौकडीचा होतो.

सातवा फोटो आजीचा आहे, मंगळागौरीतला, एकच प्रत होती म्हणून काकांकडून आणून मी स्वतः स्कॅन केलेला. खांद्यापर्यंत ठीक आहे. तिथून खाली सगळं चित्र दोन बोटं उजवीकडे सरकलंय आणि तपकिरी नऊवारी जर्द हिरवी झालीय.

पहिलटकर | २६ जानेवारी, रात्री ८:२०

बापरे. जुन्या डिस्कवरचा?

मेढेकोट | २६ जानेवारी, रात्री ८:३१

तो ठीक आहे, उघडून बघितला. सातही पुन्हा आणल्या, हॅश जुळले. मेहुण्याला नवी डिस्क घेऊन देतोय.

स्क्रूड्रायव्हर | २६ जानेवारी, रात्री ९:००

आता रॅमचं काय ठरवलंत? दोन स्टिक काढल्या तर उरलेल्या दोन ६००० वर बहुतेक पळतील. दुसरं पाकीट विकून टाका, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे.

मेढेकोट | २६ जानेवारी, रात्री ९:४०

पळतीलही. पण मला व्हर्च्युअल मशीनसाठी ६४ हवीत आणि ३६०० वर माझं काम कुठे अडत नाही. चारही राहू देतो. एक्सपोच्या रकान्याला पुन्हा हात लावणार नाही. इनसायडरमधून बाहेर पडून विंडोज कोरं टाकतोय, डेव्ह चॅनलवरून मागे फिरायचं तर बहुतेक वेळा दुसरा रस्ता नसतो. महिनाभर पक्क्या आवृत्तीवर काढेन, मग बघू.

हिरव्या नऊवारीचा फोटो मात्र पुसला नाही. आईला दाखवला तर म्हणाली, तिच्याकडे खरंच एक हिरवी होती.